खुर्ची किंचित मागे घ्या : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ एकत्र येऊन आपली बाजू स्वतः मांडतात, अशा गटांमध्ये पुढाकार घेऊन काम करणाऱ्या स्वयंसेवकांची या वेळी बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत. सुरुवातीलाच एक खुलासा. वाचन, लेखन, गणित यांतल्या विशिष्ट अडचणींना मराठीत ‘अध्ययन अक्षमता’ म्हणतात, डिस्लेक्सिया त्यात येतो. ब्रिटनमधल्या पुस्तिकांत मात्र ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे बौद्धिक अक्षमता, म्हणजे समजणे, शिकणे आणि रोजचे व्यवहार सांभाळणे या सगळ्यांतच येणारी अडचण. त्या पुस्तिका वाचून काम करणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. खालची सगळी उत्तरे बौद्धिक अक्षमतेबद्दल आहेत.

आमच्या गटात बारा सदस्य आणि तीन स्वयंसेवक आहेत. बाहेरच्या बैठकांना मी जातो आणि मीच बोलतो, कारण मुद्दे नीट मांडले जावेत असे वाटते. परवा एका सदस्याने विचारले, ‘तू आमचं सांगतोस की तुझं?’ त्याला काय सांगू?

हा प्रश्न इतका नेमका आहे, की प्रत्येक बैठकीआधी तुम्ही तो स्वतःला विचारायला हवा. बाजू तीन प्रकारे मांडली जाते. सदस्य स्वतः बोलतो आणि तुम्ही फक्त जवळ असता, किंवा सदस्याने आधी सांगितलेले तुम्ही पोचवता, किंवा तुम्ही तुमचे स्वतःचे मत मांडता. तिन्ही चालतात. पण आत्ता यांतले काय चालले आहे ते समोरच्यांना कळले पाहिजे. ‘हे गटाने मंगळवारी ठरवले आहे’ आणि ‘हे माझे मत आहे, गटाला अजून विचारलेले नाही’ ही दोन वाक्ये जिभेवर ठेवा. दुसरे वाक्य उच्चारायला जड जाते आणि नेमके तेच बहुतेक वेळा राहून जाते.

आपली बाजू आपणच मांडण्याच्या या चळवळीची सुरुवातच तुमच्या सदस्याच्या प्रश्नासारख्या प्रश्नातून झाली आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांनी आपल्या मागण्या स्वतः मांडायला सुरुवात केली. १९७४ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात अशाच लोकांनी स्वतःचे संमेलन भरवले आणि ‘पीपल फर्स्ट’ हे नाव घेतले : आधी आम्ही माणसे आहोत, मग बाकीचे. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला. अपंगांशी संबंधित निर्णय घेताना त्यांच्याशी त्यांच्या संघटनांमार्फत सल्लामसलत करावी, असे त्याचे चौथे कलम सांगते. पालक आणि स्वयंसेवक यांच्याशी बोलून ही अट पूर्ण होत नाही.

आता करायचे काय? सूत्रे एका दिवसात सोपवू नका, टप्प्याटप्प्याने सोपवा. पहिल्या बैठकीला दोन सदस्य न्या. एकट्याला कधीच नेऊ नका, एकटा माणूस दडपतो आणि गटाऐवजी स्वतःपुरते बोलू लागतो. दोघांपैकी एकाने नाव सांगून एक वाक्य बोलायचे, एवढेच ठरवा. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत एक पूर्ण मुद्दा त्यांचा. तयारीला साधारण चाळीस मिनिटांची तीन सत्रे धरा. पहिल्यात मुद्दा काय ते बोलायचे, दुसऱ्यात तो त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करायचा किंवा चित्रांच्या पट्टीवर मांडायचा, तिसऱ्यात अडवणूक करणारे प्रश्न विचारून सराव. शक्य असेल तर हा शेवटचा सराव प्रत्यक्ष बैठकीच्या खोलीत करा. दार कुठे, स्वच्छतागृह कुठे, माइक कसा चालू होतो हे आधी पाहिले, की बैठकीच्या दिवशीची निम्मी धास्ती कमी होते. त्यांची वाक्ये ‘सुधारून’ देण्याचा मोह मात्र टाळा. ‘बस थांबत नाही, मी हात दाखवतो तरी’ हे वाक्य ‘वाहतूक व्यवस्थेतील असंवेदनशीलता’ यापेक्षा कितीतरी जास्त काम करते, शिवाय उलटप्रश्न आला तरी बोलणाऱ्याला ते पेलता येते.

बसताना आपली खुर्ची सदस्याच्या शेजारी, पण किंचित मागे ठेवा. अधिकारी सवयीने तुमच्याकडे बघून बोलतील. उत्तर देऊ नका, सदस्याकडे बघा. दोन-तीन वेळा असे झाले, की समोरच्याची नजर आपोआप योग्य ठिकाणी जाते.

आमची प्रतिनिधी एका संस्थेच्या समितीवर आहे. ती प्रत्येक ठरावाला ‘हो’ म्हणते. बाहेर आल्यावर विचारले तर विषय काय होता तेही सांगता येत नाही. तिला समितीवर ठेवणे योग्य आहे का?

तिला ठेवा, समितीची पद्धत बदला. कॅरोल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिले, की ‘हो किंवा नाही’ अशा प्रश्नांना बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांकडून ‘हो’ येण्याचे प्रमाण फार असते. एकमेकांविरुद्ध असलेल्या दोन प्रश्नांनाही ‘हो’ येते. पुढे १९९६ साली मार्क रॅपली आणि चार्ल्स अँटाकी यांनी प्रत्यक्ष मुलाखतींतले संवाद बारकाईने तपासले, तेव्हा दुसरी बाजू पुढे आली : पुष्कळदा विचारणाराच मनासारखे उत्तर येईपर्यंत प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहतो आणि ऐकणारा दमून ‘हो’ म्हणतो. आम्हाला हे दुसरे निरीक्षण कामाच्या दृष्टीने जास्त मोलाचे वाटते. माणसाचा स्वभाव आपल्या हातात नसतो, प्रश्न असतो.

म्हणून ‘हे चालेल ना?’ असा प्रश्नच बाद करा. दोन पर्याय शब्दांत आणि चित्रांत समोर ठेवा : ‘सहल सकाळी की संध्याकाळी?’ शेवटी ऐकलेला पर्याय उचलण्याकडेही कल असतो, त्यामुळे थोड्या वेळाने क्रम उलटा करून पुन्हा विचारा. दोन्ही वेळा एकच उत्तर आले तर ते धरा, वेगळे आले तर विषय अजून समजलेला नाही असे माना. ‘कोणतेच नको’ आणि ‘मला माहीत नाही’ हे पर्यायही चित्रासकट टेबलावर हवेत. ते दिसले नाहीत तर निवडले जात नाहीत.

प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. दहा सेकंदांची शांतता बैठकीत भयंकर लांब वाटते, कुणीतरी मध्येच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो, आणि जुळत आलेले उत्तर मोडते, कारण आता नवा प्रश्न पहिल्यापासून समजून घ्यावा लागतो. अध्यक्षांना हे आधी सांगून ठेवा.

समितीकडे आणखी काही गोष्टी आग्रहाने मागा. कागदपत्रे निदान सात दिवस आधी आणि सोप्या रूपात. एका बैठकीत तीन, फार तर चार विषय. दर पाऊण तासाने विश्रांती. आणि तीन कार्डे : हिरवे म्हणजे पटले, पिवळे म्हणजे समजले नाही, हळू घ्या, लाल म्हणजे थांबा. ही कार्डे फक्त तुमच्या प्रतिनिधीला देऊ नका, सगळ्या सदस्यांना द्या. एकटीकडेच असली तर ती कमीपणाची खूण ठरतात आणि प्रतिनिधी ती कधीच उचलणार नाही. सगळ्यांकडे असली की पहिल्या दिवशी पिवळे कार्ड बहुधा दुसरेच कुणीतरी उचलते.

बैठकीच्या आधी एकदा आणि नंतर दोन दिवसांच्या आत एकदा तिच्याबरोबर बसा. नंतरच्या भेटीत ‘काय झालं?’ असे मोघम विचारू नका, विषयांची चित्रे पसरून ‘यातलं काय ठरलं?’ असे विचारा. इतके सगळे करूनही समिती तिला मतदानाचा अधिकार देत नसेल, नुसती छायाचित्रापुरती बोलावत असेल, तर गटाने तसे लेखी कळवून जागा सोडणे हाही रास्त निर्णय आहे. तो निर्णय तिचा आणि गटाचा, तुमचा नाही.

सोप्या भाषेतली माहितीपत्रके आम्ही बनवतो, पण सदस्य ती वाचत नाहीत. काय चुकते?

बहुतेक वेळा चूक अशी असते, की कागद आधी तयार होतो आणि मग सदस्यांना दाखवला जातो. क्रम उलटा हवा. या कागदातून वाचणाऱ्याला काय करायचे आहे, ते आधी ठरवा. फॉर्म भरायचा, मत द्यायचे, नकार द्यायचा की नुसते माहीत व्हायला हवे? ज्याचे उत्तर सापडत नाही तो कागद काढूच नका.

एका वाक्यात एकच गोष्ट. वाक्य एका ओळीत बसले तर उत्तम, नाहीतर नैसर्गिक विराम येतो तिथेच तोडा. युरोपातल्या संघटनांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या सोप्या भाषेच्या मानकांत अक्षर किमान १४ पॉइंटचे सांगितले आहे. देवनागरीत काना-मात्रा आणि जोडाक्षरे यांची गर्दी असते, म्हणून आमचा सल्ला १६ ते १८ पॉइंटचा, दोन ओळींत दीडपट अंतर ठेवून. मजकूर डावीकडून सरळ, उजवी कड मोकळी. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमधली अंतरे कमीजास्त होतात आणि नजर घसरते. तिरपी अक्षरे नकोत. तारीख लिहिताना वार लिहा आणि महिना अक्षरी लिहा. ‘५/६’ म्हणजे कोणता दिवस, यावर तर चांगले वाचणारेही अडतात. टक्केवारीऐवजी ‘दहातले तीन’ लिहा, जमल्यास दहा माणसे काढून तिघांना रंग द्या. ‘शासन निर्णयान्वये’, ‘सदर’, ‘उपरोक्त’ हे शब्द मुळातूनच काढा. एखादा कठीण शब्द टाळता येत नसेल तर तो ठळक करा आणि त्याच पानावर अर्थ द्या, शेवटच्या पानावर नको.

चित्र मजकुराच्या शेजारी, एका मुद्द्याला एक, आणि त्याच गोष्टीला प्रत्येक पानावर तेच. सुशोभनासाठी फुले-फुगे घातले की वाचणारा त्यांचाही अर्थ लावत बसतो. बालवाडीतली चित्रे प्रौढांच्या कागदावर घालू नका, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला ती अपमानास्पद वाटतात आणि तो कागद बाजूला सारतो. तुमच्या पत्रकांचे कदाचित हेच झाले असावे.

तपासणीसाठी गटाबाहेरचे तिघे-चौघे घ्या, कारण गटातल्यांना विषय आधीच ठाऊक असतो. ‘समजलं का?’ विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी ‘हो’च असते. ‘आता तू काय करशील?’ असे विचारा. जिथे उत्तर चुकेल तिथे कागद चुकला आहे. एका चार पानी कागदाला लिहिणे, चित्रे, दोन तपासण्या आणि दुरुस्त्या धरून दोन आठवडे सहज लागतात. तेवढा वेळ मिळत नसेल तर छापील कागदाऐवजी तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करा.

सोपे करताना गैरसोयीचा भाग गळतो, ही सगळ्यात गंभीर चूक. ‘केंद्र बंद होणार आहे’ याचे ‘केंद्रात बदल होणार आहेत’ असे सोपे रूप होत नसते.

माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. गटात जायला लागल्यापासून तो म्हणतो, ‘मला मित्रांबरोबर वेगळं राहायचं आहे.’ स्वयंसेवक त्याला पाठिंबा देतात. उद्या काही झाले तर जबाबदारी कोण घेणार? आम्हाला कोणी विचारतच नाही.

तुमची भीती अगदी खरी आहे आणि ती उडवून लावणारा स्वयंसेवक चुकतो आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. सव्वीस वर्षे ज्यांनी त्याचे झोपणे-उठणे, फिट्स, औषधे, रुसवे सांभाळले त्यांच्याकडे जी माहिती आहे ती कुठल्याच फाइलमध्ये सापडत नाही. पण मुलाचे म्हणणेही तितकेच खरे आहे. कुठे आणि कुणाबरोबर राहायचे हे निवडण्याची संधी इतरांइतकीच असावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचे एकोणिसावे कलम सांगते. बारावे कलम म्हणते, की निर्णय घेताना लागणारी मदत त्याला मिळायला हवी. मदत मिळावी असे म्हटले आहे, दुसऱ्याने निर्णय घ्यावा असे नाही.

अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ साली ‘धोका पत्करण्यातला सन्मान’ अशी कल्पना मांडली. सगळे धोके टाळलेले आयुष्य सुरक्षित असते, पण त्यात माणूस वाढत नाही, असा त्यांचा मुद्दा. त्याचा व्यवहारात अर्थ असा : धोका मोजायचा, लहान करायचा आणि मग पत्करायचा.

‘वेगळे राहणे’ ही एकच मोठी उडी समजू नका. तिचे तुकडे करा. आधी एक रात्र मित्राकडे. मग शनिवार-रविवार. मग एक आठवडा, रोज ठरलेल्या वेळी एक फोन ठेवून. प्रत्येक टप्प्यानंतर तो, तुम्ही आणि एक तटस्थ माणूस असे तिघे बसा आणि एका कागदाचे तीन रकाने भरा : त्याला काय आवडले आणि काय नाही, तुम्हाला कशाची काळजी वाटली, पुढच्या वेळी कोण काय करणार. काळजीच्या रकान्यात ‘काहीतरी होईल’ असे लिहायचे नाही. ‘गॅस चालू राहील’, ‘संध्याकाळची गोळी चुकेल’, ‘ओळख नसलेल्याला दार उघडेल’ असे नेमके लिहायचे. नेमक्या काळजीवर उपाय निघतो : आपोआप बंद होणारी शेगडी, वारांच्या खणांची गोळ्यांची डबी, दाराला साखळी आणि दार उघडण्यापूर्वी काय विचारायचे त्याचा सराव. काही काळज्यांवर उपाय सापडणार नाही. तिथे तो टप्पा लांबवा, पण पुन्हा कधी विचार करायचा त्याची तारीख त्याच कागदावर लिहा. तारीख नसली की ‘नंतर बघू’चा अर्थ ‘कधीच नाही’ होतो आणि ते त्याला बरोबर कळते.

हा तटस्थ माणूस स्वयंसेवक असू शकतो, पण मग त्याने मुलाची वकिली त्या बैठकीपुरती दुसऱ्याकडे द्यावी. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर चालत नाहीत. आणि पालकांसाठी वेगळी बैठक असावी, गटाच्या बैठकीत पालक बसले की मुले त्यांच्या चेहऱ्याकडे बघून उत्तरे देतात. ‘आम्हाला विचारतच नाही’ ही तुमची तक्रार त्या वेगळ्या बैठकीत मांडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आम्ही अकरा मागण्यांचे निवेदन तीन कार्यालयांना दिले. पोच मिळाली, उत्तर नाही.

अकरा मागण्या म्हणजे अकरा पळवाटा. एक निवडा. निवडताना तीन गोष्टी पाहा : ती सदस्यांनी स्वतः अनुभवलेली असावी, कोणत्या खुर्चीवरचा माणूस ती मंजूर करू शकतो हे माहीत असावे, आणि ती झाली की नाही ते डोळ्यांनी दिसावे. ‘संवेदनशील वागणूक द्या’ हे दिसत नाही. ‘खिडकी क्रमांकाबरोबर चित्राची पाटी लावा’ हे दिसते.

मग सदस्यांबरोबर पाहणी करा. फाटकापासून खिडकीपर्यंत एक सदस्य पुढे चालेल, तुम्ही मागे गप्प. तो जिथे थांबला, चुकला, परत फिरला, तिथे खूण आणि वेळ लिहा, छायाचित्र घ्या. वेगवेगळ्या दिवशी तिघांनी हे केले आणि तिघेही त्याच वळणावर अडकले, तर तुमच्या हातात तक्रार नाही, पुरावा आहे. निवेदन एका पानाचे : काय अडते, कुठे, काय हवे, कोणत्या तारखेपर्यंत. सोबत पाहणीचा तक्ता. ते सदस्यांनी स्वतःच्या हाताने द्यावे आणि पंधरा दिवसांनी त्यांनीच विचारायला जावे. भेट संपताच त्याच दिवशी ‘आज असे ठरले’ असे चार ओळींचे पत्र पाठवा. तोंडी आश्वासन पुढच्या बदलीबरोबर निघून जाते.

गटातल्या एकाला डॉक्टरांकडे न्यायची वेळ वारंवार येते. तो चिडला की डोके आपटतो. डॉक्टर म्हणतात, ‘यांच्यात असं असतंच.’ आम्ही काय बोलावे?

‘यांच्यात असं असतंच’ या वाक्याने जीव जाऊ शकतो. दुखण्याची लक्षणे अक्षमतेच्या खाती टाकली जाणे, या चुकीला १९८२ साली स्टीव्हन रीस आणि सहकाऱ्यांनी नाव दिले : एका निदानाच्या सावलीत दुसरे आजार झाकले जाणे. डोके आपटण्यामागे दातदुखी, कानातला संसर्ग, डोकेदुखी असू शकते. जेवणानंतर चिडचिड होत असेल तर छातीतली जळजळ. बद्धकोष्ठता तर फारच दुर्लक्षित. ती टोकाला गेली तर आतडे अडून मृत्यूही होतो. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइड आणि श्रवणदोष यांची तपासणी नियमित हवी. मंदावलेपणा ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

तुम्ही निदान सुचवायचे नाही, बदल सांगायचा. ‘तीन आठवड्यांपूर्वी हे नव्हते. आता दिवसातून चार-पाच वेळा होते, बहुतेक उजव्या बाजूलाच, आणि चावायचे पदार्थ तो टाळतो.’ यासाठी आधी आठवडाभर नोंद ठेवावी लागते : वेळ, त्याआधी काय चालले होते, किती वेळ टिकले, शौचाला कधी झाले, झोप किती. मग सरळ विचारा : ‘हाच बदल अक्षमता नसलेल्या माणसात दिसला असता तर तुम्ही कोणती तपासणी केली असती?’ हा प्रश्न आवाज न चढवता विचारला तर बहुधा काम होते.

प्रत्येक सदस्याचा एक पानी आरोग्य-परिचय तयार असावा. वरच्या भागात जिवावर बेतणारे : ॲलर्जी, फिट्स, गिळण्याची अडचण, चालू औषधे मात्रेसह. मधल्या भागात : दुखत असताना तो काय करतो, ‘हो’ आणि ‘नाही’ कसे दाखवतो, हात लावण्याआधी काय सांगावे, गर्दी आणि आवाज कितपत चालतात. खालच्या भागात आवडी, आणि एरवी तो कसा असतो. हा शेवटचा भाग लोक गाळतात, पण आजारपणात पाहणाऱ्याला तुलनेसाठी तोच लागतो. पान दर सहा महिन्यांनी बदला आणि वर तारीख घाला. जुन्या औषधांचे पान नसलेल्या पानापेक्षा घातक.

जे सदस्य अजिबात बोलत नाहीत, खुणाही करत नाहीत, त्यांची बाजू कशी मांडायची?

निष्कर्ष सावकाश काढून. एक तक्ता करा : काय घडत होते, त्याने काय केले, आम्हाला त्याचा अर्थ काय वाटतो, आम्ही काय करतो. त्याला ओळखणाऱ्या वेगवेगळ्या चौघांनी तो स्वतंत्रपणे भरावा, मगच एकत्र बसावे. चौघांचे जुळले तेवढेच ‘तो असे सांगतो’ म्हणून बाहेर मांडा. न जुळलेल्याबद्दल ‘आम्हाला खात्री नाही’ असे म्हणा. आणि निर्णय घेणाऱ्यांना प्रश्न विचारत राहा : या बदलाने त्याला भेटणारी माणसे वाढतील की कमी होतील? त्याचे दिवसभराचे निवडीचे क्षण वाढतील की घटतील? उत्तर देण्याची जबाबदारी त्यांची.

एका सदस्येने मला बाजूला घेऊन सांगितले, ‘एक माणूस मला त्रास देतो, पण कुणाला सांगू नको.’ मी वचन देऊन बसले आहे.

तिच्याकडे आजच जा आणि वचन पाळता येणार नाही हे तिला सांगा, कारणासकट : ‘तुला सुरक्षित ठेवायचं तर मला एका माणसाला सांगावं लागेल. कुणाला, ते तुला आधी सांगते.’ तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत, तारीख आणि वेळ घालून लिहा. खोदून विचारू नका, ‘त्याने असं केलं का?’ असे प्रश्न तर मुळीच नकोत, उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांमुळे तिचा जबाब पुढे कमकुवत ठरतो. घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नयेत, वैद्यकीय मदत लगेच घ्यावी. त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका. तुमच्या भागात कायद्याने कुणाला आणि किती वेळात कळवायचे, हे शोधून त्याच दिवशी कळवा. आणि तिच्यावर विश्वास ठेवला आहे हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. बाकी गटासाठी : ही माहिती आणि संपर्क क्रमांक आधीच भिंतीवर असायला हवेत, आणि कुठलाही स्वयंसेवक ‘गुपित ठेवीन’ असे म्हणणार नाही हा नियम पहिल्या दिवसापासून हवा.

नऊ वर्षे मीच गट चालवते आहे. सोडले तर गट बंद पडेल असे सगळे म्हणतात.

मग गट तुमच्या खांद्यावर उभा आहे आणि तो आधार काढण्याची तयारी आजपासून हवी. पुढची व्यक्ती स्वयंसेवकांमध्येच शोधू नका, सदस्यांमध्ये शोधा. न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन यांचे बालपण संस्थांमध्ये गेले. २०१६ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीवर निवडून आले. बौद्धिक अक्षमता असलेले त्या समितीचे ते पहिले सदस्य होते.

सुरुवात जोडीने करा : दोन सहअध्यक्ष, त्यांतला निदान एक सदस्यांपैकी. मुदत दोन वर्षांची आणि दोघांच्या मुदती एकाच वेळी संपणार नाहीत अशा. तुम्ही करता त्या सगळ्या कामांची यादी महिनाभर रोज लिहा. खोली उघडणे, फोन करून आठवण देणे, कोण कोणाशी बोलत नाही हे लक्षात ठेवणे, सगळे. यादी चाळिसाच्या पुढे जाते. त्यांतली रोजची, न बदलणारी कामे आधी चित्रांच्या चेकलिस्टवर उतरवा आणि दोघादोघांना वाटा. खोलीची किल्ली आणि बँकेची सही पहिल्याच महिन्यात दुसऱ्यांकडे जायला हवी. या दोन गोष्टी धरून ठेवल्या तर बाकीचे वाटप कागदावरच राहते.

खर्चाचा हिशेबही तेव्हाच मांडा. सदस्य आणि त्याचा मदतनीस, दोघांचा प्रवासखर्च गटाने द्यावा, आणि तो त्याच दिवशी रोख, कारण महिन्याभराने परत मिळणारे पैसे आधी खर्च करणे अनेकांना शक्य नसते. बाहेरच्या संस्थेने बैठकीसाठी इतर तज्ज्ञांना मानधन दिले, तर तुमच्या सदस्यालाही तेवढेच मागा. भेटवस्तू आणि प्रमाणपत्रावर समाधान मानू नका.

तुमच्या शेवटच्या तीन महिन्यांत बैठकांना जा, पण बोलायचे नाही असे ठरवून जा. काहीतरी विसरले जाईल, एखादी बैठक फसेल. ती त्यांना फसू द्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावले तरच मदतीला जा.